कूलर बंद होता तो उन्हाळा

आमच्या घरी कूलर कधी लागणार हे उन्हावर नव्हतं, बाबांवर होतं. आणि बाबांचा नियम ठरलेला: चौदा एप्रिलची जयंती झाल्याशिवाय कूलरवरची ताडपत्री निघायची नाही. मार्चपासूनच अंगाची लाही लाही व्हायची, आई पदरानं वारा घेत पुटपुटायची, पण बाबा ढिम्म. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र, मिरवणुकीत चालून पाय भरून आलेले असतानाही, ते बनियनवर अंगणात उतरायचे. मग टाकीचा गंज खरवडणं, आतून डांबर मारणं, बाजूच्या जाळ्यांत नवं गवत भरणं, मोटरला तेल पाजणं. मी आणि ताई पान्हा आणि पेचकस घेऊन बाजूला उभ्या. वर्षभर सरकारी कचेरीत फाइली सरकवणारा आमचा बाप त्या दिवशी इंजिनियर असायचा, आणि त्याच्याशी त्याच इतमामानं बोलावं लागायचं. खिडकीबाहेरच्या लोखंडी घोड्यावर कूलर चढला, बटन दाबलं, आणि ओल्या गवताचा पहिला भपकारा घरात शिरला की बाबा आमच्याकडे असे बघायचे की जणू हिमालयच खिडकीत आणून बसवला.

थंड हवा तर कूलर द्यायचाच, पण त्याहून जास्त आवाज द्यायचा. त्या काळचा पत्र्याचा कूलर चालू झाला की भिंत घुमायची, खिडकीच्या काचा तडतडायच्या, स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना खेटून किणकिणायच्या. आई घोड्याच्या पायाखाली पोत्याच्या घड्या सारायची, तरी तो थरथरायचाच. मी आणि ताई पंख्यासमोर तोंड नेऊन "आऽऽऽ" करायचो आणि चिरफाळून परत येणाऱ्या आवाजाला हसायचो. नागपुरात जरीपटक्याच्या मागच्या आमच्या वस्तीत दुपारी बारा ते चार माणसाचा आवाज ऐकू यायचा नाही, घरोघरचे कूलर तेवढे घुमत राहायचे. आम्हाला त्याच आवाजात झोप लागायची, आणि मध्येच वीज गेली की त्या शांततेनं खडबडून जाग यायची. आता माझ्या घरात एसी आहे. तो इतका गप्प असतो की चालू आहे की नाही हे मला उठून बघावं लागतं.

ताईचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न जबलपूरला झालं, तेव्हा बाबांनी भांडीकुंडी दिली, कपाट दिलं, आणि आमच्याच बाजारातल्या वेल्डरकडून बनवून घेतलेला एक कूलर दिला. तिथल्या घरमालकानं त्या कूलरचं नाव 'नागपूरवाला' ठेवलं होतं, कारण तो चालू झाला की खालच्या मजल्यावर कळायचं. भाऊजी कारखान्यात पाळीवर जायचे. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, विटांचं, वरच्या माडीवर. दुसऱ्या उन्हाळ्यात ताईला दिवस भरत आले, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे तिला आणायला मला पाठवलं. मी बारावीची परीक्षा देऊन रिकामीच होते. बाबांनी मला सिवनीवरून जाणाऱ्या बसमध्ये बसवून दिलं, तिकडे भाऊजींनी उतरवून घेतलं. लगेच परतायचं ठरलं होतं, पण ताईच्या हातचं आयतं खायची मला चटक लागली. आज निघू, उद्या निघू करत मी आंब्याचा रस आणि सरगुंडे हाणत राहिले. ते काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे आईनंच वाळवून दिले होते, ताईसाठी.

त्या रात्री भाऊजी रातपाळीला होते. मी बाहेरच्या खोलीत कूलरसमोर गादी टाकून झोपले होते. ताईचं थंड वाऱ्यानं अंग आखडायचं, म्हणून ती आतल्या खोलीत पलंगावर. पलंगाच्या वर माळा, आणि माळ्यावर तिच्या लग्नातल्या भांड्यांच्या ट्रंका. मला जाग आली ती घरघरीनं. गादी हलत होती, खिडकी तडतडत होती. मी अर्धवट झोपेत ठरवून टाकलं की कूलरचा घोडा निसटला. नागपूरच्या माणसाला झोपेत जमीन हलली तर दुसरं काही सुचायचंच नाही. उठायचा कंटाळा होता, म्हणून पडल्या पडल्याच ओरडले, "ताई, कूलर बंद कर वं! पडून राहिला तो!"

आणि ती बिचारी, तेवढं मोठं पोट घेऊन, उठून आली. तिलाही कूलरच वाटला. तिनं बटन बंद केलं. कूलर थांबला, पण घरघर थांबली नाही. तिचा हात बटनावरच होता आणि आम्ही एकमेकींकडे बघत होतो. तेवढ्यात आतल्या खोलीत माळा कोसळला. ट्रंका, पाण्याचे पितळी गुंड, विटा, सगळं पलंगाच्या उशाकडे. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं: जिन्यात धूळ, पायाखाली न सापडणारी पायरी, ताईचा घामेजलेला पंजा आणि कोणीतरी "नीचे आओ, नीचे आओ" म्हणून ओरडत होतं ते.

उजाडलं तेव्हा अख्खा मोहल्ला समोरच्या मैदानात होता. कुणाच्या भिंतीला भेग होती, कुणाचं छत बसलं होतं. पलीकडच्या गल्लीतल्या एका घरासमोर बायका रडत होत्या आणि तिकडे बघायचं धाडस आम्हाला झालं नाही. एका म्हाताऱ्या शेजारणीनं स्टीलचा गिलास काठोकाठ भरून सपाट दगडावर ठेवला होता. "पानी देखते रहो," ती सगळ्यांना सांगत होती, "पानी हिले तो भागना." आम्ही सगळे त्या पाण्याकडे बघत बसलो. दोनदा ते हललंही. भाऊजी सायकल टाकून धावत आले, ताईला पाहिलं आणि आधी तिच्या पायांत आपल्या चपला सरकवल्या. नंतर ते वर जाऊन घर बघून आले. येताना ताईचे कपडे आणि हाती लागलेली भांडी पिशवीत घालून आणली. मग मला म्हणाले, "छोटे, तू हिला उठवलं नसतंस तर..." मी म्हटलं, मी कुठे उठवलं, मी तर आळस केला. ताई पुढं आयुष्यभर हेच सांगत आली की तिच्या लेकीला मावशीच्या आळशीपणानं वाचवलं. ऐकणारे हसतात. मीही हसते, पण ते उशाकडचे पितळी गुंड मला दिसल्याशिवाय राहत नाहीत.

भाऊजींनी आम्हाला नागपूरच्या बसमध्ये बसवलं आणि ते घर सावरायला मागे राहिले. इकडे नागपुरालाही हादरा बसला होता. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत चळती कोसळल्या म्हणे. पण आमची वस्ती मे महिन्यात अंगणात खाटा टाकून झोपणारी, तिला त्याची अर्धीच खबर. बाबांची खाट हलली तेव्हा त्यांना वाटलं खाटेखाली लाल्या, आमचं कुत्रं, अंग खाजवतंय. ते "हाड!" म्हणून ओरडले आणि कूस बदलून झोपले. सकाळी रेडिओवर जबलपूरचं नाव ऐकल्यापासून आम्ही दारात येईपर्यंत त्यांनी तोंडात घास घेतला नव्हता. आईनं बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून ठेवली होती आणि एक विझायच्या आत दुसरी लावत होती. आम्हाला पाहिल्यावर ती रडली. बाबा रडले नाहीत. ताईची पिशवी हातात घेऊन ते नुसतेच अंगणात इकडून तिकडे फिरले आणि म्हणाले, "उन्हातून आल्या तुम्ही. आत या. मी कूलर लावतो."

ताई आत आली नाही. कडुलिंबाखालच्या खाटेवर बसली. त्या दिवशी कोणाला काही वाटलं नाही, दमली असेल. रात्री तर सगळेच बाहेर. दुसऱ्या दिवशी अंगणातच न्हाली, अंगणातच जेवली. नागपूरचा मे महिना असल्यामुळे तिची भीती आमच्या लक्षातच येईना; ज्या गावात अर्धं गाव उघड्यावर झोपतं, तिथे उघड्यावर झोपणाऱ्या बाईचं काय नवल? कळलं ते दुपारी. ऊन असं की अंगणातल्या पत्र्यावर हात ठेववत नव्हता, कावळेसुद्धा नळाखाली चोच उघडून बसलेले, आणि ताई डोक्यावर ओलं फडकं घेऊन खाटेवरच. आई दारातून म्हणाली, "अवं, लू लागंल तुले. पोटात लेकरू आहे. आत ये ना."

"येतो ना," ताई म्हणाली. पण उठली नाही.

"काहून नाही येऊन राहिली?"

ताई बराच वेळ घराच्या छताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, कूलर चालू आहे ना आत. मले समजतच नाही वं, कोणता आवाज त्याचा आहे आन् कोणता जमिनीचा."

आतून बाबांनी हे ऐकलं असणार. कूलर बंद झाल्याचा आवाज आम्ही बाहेर ऐकला. आधी मोटर, मग पंख्याची रेंगाळणारी चकरी, मग नुसतं टाकीत ठिबकणारं पाणी. थोड्या वेळानं ताई उठली, उंबऱ्याशी थांबली आणि म्हणाली, "एक गिलास पाणी ठेवा जमिनीवर. भरून." तो तिच्याच रुखवतातला गिलास होता, नाव घातलेला, भाऊजींनी त्या पिशवीत घालून दिलेला. त्या गिलासाच्या भरवशावर ती घरात आली.

त्यानंतर आमचं घर म्हणजे भट्टी झालं. भर मे महिन्यात, नागपुरात, कूलर बंद! आजच्या पोरांना मी हे सांगते तेव्हा त्यांना भूकंपापेक्षा याचंच जास्त आश्चर्य वाटतं. दुपारभर दारं-खिडक्या लावून, ओल्या चादरी टांगून आम्ही पडून राहायचो. मधोमध तो गिलास. कोणी जोरात चाललं की पाणी हलायचं आणि ताई अर्धी उठायची, म्हणून आम्ही मांजराच्या पावलांनी वावरायला शिकलो. लाल्या शेपूट आपटायचा, त्याला बाहेर काढला. आई कैरीचं पन्हं करायची, ज्वारीचं आंबील करायची, ताईच्या उशाशी कांदा ठेवायची. बाबा कचेरीतून तापून यायचे, सवयीनं बटनाकडे हात न्यायचे आणि तोच हात वळवून भिंतीवरचा विजणा काढायचे. ते ताईला वारा घालायचे. स्वतःला घालताना मी त्यांना पाहिलं नाही. माणूस चिडका होता, भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायचा. त्या दिवसांत चकार शब्द बोलला नाही. माझा बाप मला त्या उन्हाळ्यात खरा आवडायला लागला.

घात केला तो मायेनं. शेजारच्या शेवंताकाकू ताईसाठी कोथिंबिरीच्या सांबारवड्या घेऊन आल्या. दारात पाऊल टाकलं आणि त्यांचा जीव कासावीस झाला. "बाप्पा! घर आहे का भट्टी? बाळंतपणाची पोट्टी घरात, आन् तुम्ही कूलर बंद करून बसले?" म्हणत त्यांनी थेट बटन दाबलं. ताईचा डोळा लागला होता. भिंत घुमली, ताटल्या किणकिणल्या, गिलासातलं पाणी थरथरलं, आणि ताई जी उठली ती अनवाणी, पोट दोन्ही हातांनी सावरत, भर उन्हात अंगणापार रस्त्यावर. आम्ही गाठलं तेव्हा ती तापलेल्या डांबरावर उभी होती आणि तिला ते कळत नव्हतं. काकू वड्यांचं ताट घेऊन रडत होत्या. "मले काय मालूम गा," त्या बाबांना पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "मले काय मालूम."

ताईचे पाय पोळले, आणि त्याहून वाईट म्हणजे चेहरा सुजला. सदर भागातल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई खाली रस्त्यावर येऊन, रिक्षातच तिला तपासून गेल्या, कारण दवाखाना माडीवर होता आणि ताई जिन्याला पाय लावेना. रक्तदाब वाढला होता. बाई स्पष्ट बोलल्या: घरी करू म्हणाल तर दोघांतलं एकही हाती लागेल याची खात्री मी देणार नाही, दिवस भरले की इथेच आणा. घरी आल्यावर ताई म्हणाली, "मी त्या माडीवर नाही जात. दाई बोलवा. अंगणात मांडव घाला. मी इथंच होतो मोकळी." आई दाराआड जाऊन डोळे पुसत होती. बाबा म्हणाले, "बरं. मांडव घालू." आणि खरंच बांबू आणून, हिरवी जाळी बांधून त्यांनी मांडव घातला. येणारे-जाणारे विचारायचे, "कोणाचं लग्न आहे गा?" बाबा म्हणायचे, "माह्यंच." मग त्यांनी आणखी एक केलं. पान्हा घेतला, कूलर खिडकीतून उतरवला आणि फाटकाशी नेऊन त्यावर ताडपत्री टाकली, म्हणजे कोणाचा हात चुकूनही बटनावर जायला नको. खिडकीच्या भोकाला पोतं लावलं. जूनचं ऊन त्या पोत्यातून आत गळत राहायचं.

मृग कोरडाच गेला. एका सकाळी मांडवातच ताईला कळा सुरू झाल्या. दाई आली, हात लावून बघितलं आणि बाबांना बाजूला घेऊन म्हणाली, माझ्या आवाक्यातलं हे नाही. बाबांनी ताईला विचारलं नाही. रिक्षा आणली. ताई फक्त आईला म्हणाली, "गिलास घे." सदरच्या त्या जिन्यापाशी मात्र ती थांबली. कठडा धरून वर बघत राहिली. बाबा दोन पायऱ्या चढून मागे वळले आणि ज्या आवाजात ते कधी बोलत नसत त्या आवाजात म्हणाले, "बाई, पडलं तर माह्यावर पडंल आधी. मी समोर चालतो. तू माह्या पाठीकडं पाह्य." तसेच गेलो आम्ही. पुढं बाबा, मग ताई, मागून तिच्या कमरेला हात लावून मी. मध्ये कळ आली की सगळे थांबायचो.

वर खोलीत चार खाटा होत्या, आणि खिडकीत कूलर. आमच्यापेक्षा मोठा, कपाटाएवढा. भिंत घुमत होती, खाटांचे लोखंडी दांडे थरथरत होते. ताईनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. बाबा नर्सकडे धावले, "बंद करा जी थोडा वेळ, पोरगी भेते." नर्सनं बाकीच्या खाटांकडे बोट दाखवलं. "या बाया उकडून मरतील काका. लहान लहान लेकरं आहेत." तेही खोटं नव्हतं. बाबा दारातच उभे राहिले. आईनं, दुसरं काही हातात नव्हतं म्हणून, गिलास माठातून काठोकाठ भरला आणि ताईच्या उशाशी लोखंडी टेबलावर ठेवला. पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती, थांबत नव्हती. ताई त्यांच्याकडे बघत होती आणि आम्ही तिघं तिच्याकडे.

शेजारच्या खाटेवर एक बाई होती, कामठीकडची, आदल्या दिवशी मोकळी झालेली. तिचं बाळ कूलरच्या अगदी तोंडाशी, तांबडंलाल, मुठी आवळून गाढ झोपलेलं. एक कळ ओसरल्यावर ताईनं मान वळवून त्याला पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"हे काहून नाही उठून राहिलं?" तिनं विचारलं. "एवढ्या आवाजात?"

"त्याले काय होते बाई?" ती बाई म्हणाली. "पोटात होतं तईपासून हाच आवाज ऐकून राहिलं. बंद केला का रडते."

ताई अजून त्या आवळलेल्या मुठींकडेच बघत होती. पुन्हा कळ आली, ओठ चावून तिनं ती काढली. मग तिनं हात लांब केला. मला वाटलं माझा हात शोधते आहे. तिनं गिलास उचलला, थरथरणाऱ्या पाण्यासकट, आणि गटागटा पिऊन रिकामा केला. तळापर्यंत. तोंड पुसून तो आईच्या हातात दिला.

"बाबाले म्हना," ती म्हणाली, "घरचा कूलर लावून ठेवा. लेकरू उकडंल."

दारातून बाबांनी ते ऐकलं. आईला वाटलं ते आत येतील, डोक्यावर हात ठेवतील. ते आलेच नाहीत. आम्ही जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकला, दोन-दोन पायऱ्या एकदम. नात जन्मली तेव्हा तिचा आजा हजर नव्हता. भर दुपारच्या उन्हात, बनियनवर, शेवंताकाकूंना एका बाजूनं धरायला लावून तो कूलर खिडकीत चढवत होता.